तली ब्यानी

उजव्या डोळ्याच्या मागं दुखायचं.
अकरा वर्षं.
बुधवारी जास्त, का ते ठाऊक नाही.
चष्मा दोनदा बदलला.
मेंदूचा फोटो काढला,
त्यात मेंदू आहे एवढंच कळलं.
आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, तडतडल्या भरपूर.
शेजारच्या गंगव्वानं सुंठ उगाळून लावली,
कपाळ पोळलं, डोकं तसंच.

मी पाट्या रंगवतो.
तीस वर्षं वर बघतोय,
डाव्या हातात डबा, मान मागं, जीभ दातांत.
खडेबाजारातली निम्मी अक्षरं माझी,
आणि निम्मी माझ्याच हातानं पुसलेली.
कुणी म्हणतं कन्नड मोठं काढ,
कुणी म्हणतं मराठी कोपऱ्यात तरी राहू दे.
मी फूटपट्टी लावतो, रंगाचे पैसे घेतो.
मान दोन्हीला तेवढीच लागते.

इकडं आम्ही 'पण'ला 'खरं' म्हणतो.
दुखतंय, खरं सांगता येत नाही.
जगलोय, खरं डोकं धरून.
बाहेरच्या माणसाला वाटतं, हा शपथ घेतोय.

भरमाणी सुतार म्हणाला, दुसऱ्या गेटाजवळ
हंजी म्हणून डॉक्टरीण आहे, बोटानं बघते.
गेलो.
"तली ब्यानी एल्लि?"
मी डोळा दाखवला.
तिनं डोळ्याकडं बघितलंच नाही.
मागं उभी राहिली, अंगठा खांद्याच्या उतारावरून नेला,
तांदळात खडा शोधावा तसा,
आणि एका जागी दाबला.

डोळ्याच्या मागं दिवा लागला.
तोच. बुधवारचा.
बाई, तुम्ही इथं दाबताय आणि तो तिथं ओरडतोय!
"हौदु," म्हणाली. मग मराठीत,
"घर इथं आहे त्याचं.
तिथं नुसता बोंबलायला जातो."

पेनानं चार फुल्या मारल्या.
जन्मात पहिल्यांदा माझ्यावर कुणी आखणी केली.
दोन खांद्यावर, एक कानामागं,
एक कवटीखाली, केसांत.
"अलगाडब्याड्री. उसिर बिड्री."
हलायचं नाही, श्वास सोडायचा.
मी तो धरलाय
हे मलाच ठाऊक नव्हतं.

सुई गाठीला लागली आणि गाठ उडाली,
बुट्टीतला मासा उडतो तशी, एकदाच.
माझंच मांस, मला न विचारता.
मग गार. मग जड. मग खांदा खाली आला.
किती वर्षं कानाशेजारी बिऱ्हाड करून होता.

बाहेर फाटक पडलेलं, मिरजेची गाडी यायची होती.
सगळे हॉर्न ऐकू आले,
टोचला एकही नाही.
फाटक उघडलं तरी मी चहाच्या गाड्यापाशी बसून.

आठ दिवस डोळा नुसता डोळा होता.
नवव्या दिवशी थोडं आलं,
ओळख मोडू नये म्हणून येणाऱ्या पाव्हण्यासारखं,
दारातूनच परत गेलं.
मीही परत गेलो. तिसऱ्या खेपेला दोनच फुल्या.
बाईनं विचारलं, शिडी केवढी?
पाच फुटी.
पाटी?
बारावर, तेरावर.
ती काही बोलली नाही.
पत्र्याच्या डब्यात सुई टाकली. वाजली.

भरमाणीकडं दहा फुटी आहे, बांबूची,
दिवसाला चाळीस रुपये.
तीस वर्षांत हे चाळीस रुपये मला सुचले नव्हते.

आज दवाखान्याचीच पाटी काढतोय.
नाव नाकासमोर.
खाली बघितलं की पाय लटपटतात, खरं मान सरळ.
गेलं म्हणणार नाही. कमी आहे.

'हंजी'त एक अनुस्वार आहे.
मराठीत तो टिंब होऊन डोक्यावर बसतो,
कन्नडात शून्य होऊन शेजारी उतरतो.
शून्य काढून झालंय.
टिंब राहिलंय,
ब्रश धुवून घेतो आधी.